उसन्या विद्येच्या अटी

संध्याकाळीं दूध तापवून झाल्यावर घरांत विरजण नाहीं असें ध्यानांत आलें, म्हणजे गृहिणी मुलाच्या हातीं वाटी देऊन त्याला शेजारीं पाठविते. शेजारीण चमचाभर दहीं देते. तेवढ्यानें तिच्या भांड्यांतलें दहीं कमी होत नाहीं, आणि या घरीं मात्र दुसऱ्या दिवशीं पातेलेंभर दहीं लागतें. या देवघेवीचा कोणी कागद करीत नाहीं. तरीहि तिला एक अलिखित अट असते: ज्यानें विरजण नेलें, त्यानें पुढें मागावयास येणाऱ्याला रित्या वाटीनें परत धाडूं नये.

विद्येचें उसनें याच जातीचें आहे. दिल्यानें तें सरत नाहीं. परंतु ज्या घरून तें आणावें, त्या घरची रीत त्याच्याबरोबर येते. ही रीत कधीं नुसत्या शब्दावर असते, कधीं करारांत असते, तर कधीं ‘परवाना’ किंवा ‘लायसन्स’ या नांवाच्या लेखांत असते. उसनें आणणारा पुष्कळदां वस्तु तेवढी उचलतो आणि लेख वाचावयास विसरतो. त्या विस्मरणाचा हिशेब पुढें केव्हां तरी चुकवावा लागतो. संगणकाच्या मुक्त आज्ञावलींच्या बाबतींत असे हिशेब गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अनेकांना द्यावे लागले. परंतु पिंपरी, चिंचवड आणि चाकण या टापूला हा धडा नवा नाहीं. संगणक तेथें येण्यापूर्वींच तो टापू उसन्या विद्येचे तीन-चार प्रकार भोगून चुकला होता.

पुण्याहून मुंबईकडे निघालेली आगगाडी खडकी व दापोडी मागें टाकून कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशीं स्थानकें घेत जाते. पूर्वीं चिंचवड ओळखलें जाई तें मोरया गोसावींच्या समाधीमुळें, आणि चाकण ओळखलें जाई तें १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाच्या फौजेशीं झुंजविलेल्या किल्ल्यामुळें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या गांवांच्या शिवारांत कारखान्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं. त्यांतील पहिल्या मोठ्या कारखान्यांपैकीं एकाचा माल लोखंडाचा नव्हता. तो होता बुरशीचा.

पेनिसिलिनची कथा १९२८ सालीं लंडनमध्यें अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या प्रयोगशाळेंत सुरू झाली, आणि दहाबारा वर्षांनीं ऑक्सफर्ड येथें फ्लोरी, चेन व हीटली यांनीं त्या बुरशीच्या रसाचें खरें औषध केलें. ऑक्सफर्डच्या मंडळींनीं या औषधाचें पेटंट घेतलें नाहीं. रोग्याच्या औषधावर मालकी सांगणें हें तेथील वैद्यकीय वर्तुळांत शिष्टसंमत समजलें जात नसे. चेन यांचें मत निराळें होतें, पण तें मान्य झालें नाहीं. १९४१ च्या उन्हाळ्यांत फ्लोरी आणि हीटली हें ज्ञान घेऊन अमेरिकेस गेले. तेथें इलिनॉय प्रांतांतील पिओरिया येथल्या सरकारी प्रयोगशाळेंत मोठ्या टाक्यांतून बुरशी वाढविण्याची युक्ति बसविण्यांत आली. १९४३ सालीं एका नासक्या खरबुजावर सांपडलेल्या बुरशीनें उत्पन्न कितीतरी पटींनीं वाढविलें. याच प्रयोगशाळेंतील अँड्र्यू मॉयर यांनीं पुढें उत्पादनाच्या रीतीवर पेटंटें घेतलीं. विरजण ज्यांनीं विनाअट दिलें, त्यांचा त्यापासून लागलेल्या दह्यावर कांहींहि अधिकार उरला नाहीं. दानाला अट घातली नाहीं, तर दुसरा कोणी त्याच्याभोंवतीं कुंपण घालूं शकतो, ही गोष्ट त्या वेळीं जगानें पाहिली.

स्वातंत्र्यानंतर भारताला पेनिसिलिन हवें होतें, आणि तें परदेशांतून विकत घेणें परवडत नव्हतें. त्या वेळीं दोन वाटा पुढें होत्या. एक वाट परदेशी कंपनीकडून गुपित विकत घेण्याची. दुसरी आंतरराष्ट्रीय संस्थांच्या हातून तें ज्ञान खुलेपणानें मिळविण्याची. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखे हे पुढें जागतिक आरोग्य संघटनेंत सहाय्यक महासंचालक झाले होते, आणि त्यांचा भर दुसऱ्या वाटेवर होता. १९५१ सालीं भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्यांत करार झाला. यंत्रसामुग्रीसाठीं युनिसेफनें साह्य केलें, तंत्रज्ञ आणि शिक्षण यांची बाजू आरोग्य संघटनेनें उचलली, आणि बाकीचा भार भारत सरकारनें घेतला. १९५४ सालीं ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि १९५५ सालीं पिंपरीच्या टाक्यांतून पेनिसिलिन निघूं लागलें.

या मदतीला किंमत नव्हती. पण ती बिनअटीची नव्हती. कारखाना कोणा एका धनिकाच्या फायद्यासाठीं नसावा, तेथलें ज्ञान गुपित म्हणून कोंडून ठेवूं नये, आणि औषध गरजू लोकांच्या हातीं पोंचावें, हा त्या योजनेचा आत्मा होता. पिंपरीनें ज्ञान फुकट घेतलें, परंतु त्याबरोबर तें खुलें ठेवण्याचें बंधनहि घेतलें. विरजणाची अलिखित अट येथें प्रथमच सरकारी कागदावर आली, असें म्हटलें तरी चालेल.

पुढें त्याच आवारांत क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन तयार करण्याचें ठरलें. त्यासाठीं तांत्रिक साह्य घेतलें तें मर्क या अमेरिकन कंपनीचें. कंपनीचें ज्ञान कंपनीच्या रीतीनें येतें: त्याला मोबदला असतो, आणि तें ज्ञान इतरांना सांगण्यावर मर्यादा असते. अशा वेळीं एकाच आवारांत दोन निराळ्या घरांचीं उसनीं नांदूं लागतात. एक घर म्हणतें, ‘शिकलेलें सर्वांना शिकवा’. दुसरें म्हणतें, ‘शिकलेलें तुमच्यापाशींच ठेवा’. दोन्ही औषधांच्या टाक्या वेगळ्या असतात, म्हणून हें निभावून नेतां येतें. परंतु टाकी एकच असती, तर कोणाची अट पाळावयाची? हा प्रश्न ध्यानांत ठेवण्यासारखा आहे, कारण संगणकाच्या जगांत टाकी बहुधा एकच असते. पिंपरीनें मात्र उसन्यावर समाधान मानलें नाहीं. तेथील प्रयोगशाळेंत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी यांनीं बुरशीजन्य रोगांवरचें एक नवें प्रतिजैविक शोधून काढलें. १९६१ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ या नांवाचीं आद्याक्षरें घेऊन त्याला ‘हॅमायसिन’ असें नांव देण्यांत आलें. उसनें आणलेलें विरजण घरचें झालें, याची ती खूण होती.

याच पट्ट्यांतील आकुर्डीची कथा निराळी आहे. बजाज घराण्याच्या व्यापारी कंपनीनें १९४८ पासून परदेशी दुचाकी व तीनचाकी गाड्या आयात करून विकावयास आरंभ केला होता. १९५९ सालीं सरकारकडून या गाड्या देशांत तयार करण्याचा परवाना मिळाला, आणि इटलीच्या पियाजिओ कंपनीशीं तांत्रिक सहकार्याचा करार होऊन येथें व्हेस्पा स्कूटर तयार होऊं लागली. हें उसनें मुदतीचें होतें. १९७१ सालीं करार संपला आणि त्याचें नूतनीकरण झालें नाहीं. व्हेस्पा हें नांव गेलें; पण सांचे, यंत्रें आणि दहा वर्षांत बोटांत मुरलेली विद्या हीं आकुर्डींतच राहिलीं. १९७२ सालीं त्याच वळणाची स्कूटर ‘चेतक’ या नांवानें बाजारांत आली, आणि मध्यमवर्गीय महाराष्ट्राच्या संसारांत तिनें जें स्थान मिळविलें तें सर्वांस ठाऊक आहे. नवरा, बायको, पुढें उभें राहिलेलें एक मूल आणि आईच्या मांडीवरचें दुसरें, असें सबंध कुटुंब तिनें वर्षानुवर्षें वाहून नेलें.

देशाच्या बाजारांत या वारशाविषयीं कोणी फारसें विचारलें नाहीं. प्रश्न उभा राहिला तो माल समुद्रापलीकडे गेल्यावर. १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत पियाजिओनें अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी आणि हाँगकाँग येथें आपल्या हक्कांचा भंग होत असल्याचे दावे गुदरले. परिणाम आंकड्यांत दिसतो. १९८०-८१ सालीं बजाजची स्कूटरची निर्यात १३ कोटी ३२ लाख रुपयांची होती. १९८१-८२ सालीं ती ५ कोटी २० लाखांवर आली. करार संपल्यावर उरलेल्या विद्येचा धनी कोण, याचें उत्तर घरच्या अंगणांत एक असूं शकतें आणि परक्या न्यायालयांत दुसरें असूं शकतें. ज्याला आपला माल जगभर न्यावयाचा आहे, त्यानें हें उत्तर बंदरावर पोंचण्यापूर्वींच शोधून ठेवावें लागतें. काळाची गंमत अशी कीं, २०१२ सालीं पियाजिओनें याच पुणें जिल्ह्यांत, बारामतीला, व्हेस्पा तयार करण्यास सुरुवात केली. आणि ‘चेतक’ हें नांव विजेवर चालणाऱ्या एका सर्वस्वीं नव्या स्कूटरवर २०१९ सालीं परत आलें.

टाटांचा मार्ग आणखी वेगळा होता. जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशीं त्यांचा करार १९५४ सालीं झाला तो पंधरा वर्षांचा. १९६९ सालीं तो संपला, आणि मालमोटारींच्या तोंडावरचा तीन टोकांचा तारा निघाला. परंतु त्या दिवसाची तयारी आधींपासून चालली होती. सुमंत मुळगांवकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला १९६६ पासून जो कारखाना उभा राहिला, त्यानें प्रथम यंत्रें घडविणारीं यंत्रें आणि तीं चालविणारे शिकाऊ कारागीर तयार करण्यावर भर दिला. मुदतीचें उसनें घेणाऱ्यानें मुदत सरण्यापूर्वीं काय करावें, याचा हा वस्तुपाठ होय. उसनें संपलें त्या दिवशीं स्वतःचें कांहीं तरी हातीं असावें.

पेनिसिलिन, स्कूटर आणि मालमोटार यांच्या या कथा मनांत ठेवून संगणकाकडे वळलें, म्हणजे तेथील तंट्यांचें मूळ सहज कळतें. संगणकाला द्यावयाच्या हुकुमांचा जो लेख, ती आज्ञावली. कायद्याच्या दृष्टीनें ती यंत्रापेक्षां ग्रंथाला अधिक जवळची आहे: भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यांत १९८४ सालीं दुरुस्ती होऊन आज्ञावलींची गणना वाङ्मयकृतींत करण्यांत आली. दुसऱ्याच्या ग्रंथांतील प्रकरण जसें लेखकाच्या अनुमतीवांचून आपल्या पुस्तकांत छापतां येत नाहीं, तसाच दुसऱ्याच्या आज्ञावलींतील भागहि उचलतां येत नाहीं. अनुमति कोणत्या शर्तीवर आहे, तें सांगणारा लेख म्हणजे परवाना.

१९८० च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेंत रिचर्ड स्टॉलमन हा तरुण काम करीत होता. तेथील छपाईच्या यंत्रांत वारंवार कागद अडकत असे. पूर्वींच्या यंत्राच्या आज्ञावलींत स्टॉलमननें सुधारणा केली होती, आणि कागद अडकला कीं संगणकावर तशी सूचना येई. नव्या यंत्राची आज्ञावली मात्र त्याला कोणी दाखवीना. ती गुप्त ठेवण्याचें वचन घेतलें गेलें होतें. शेजारणीनें विरजण नाकारलें, असाच हा प्रसंग. १९८३ सालीं त्यानें ‘ग्नू’ या नांवाच्या मुक्त आज्ञावलींचा उपक्रम घोषित केला, आणि १९८९ सालीं ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा सार्वजनिक परवाना लिहिला. त्याचा मथितार्थ थोडक्यांत असा: ही आज्ञावली कोणीहि वापरावी, पाहावी, सुधारावी, वांटावी आणि विकावी देखील, परंतु जो ती पुढें देईल, त्यानें आपल्या सुधारणांसह मूळ लेखहि त्याच शर्तींवर द्यावा. ऑक्सफर्डनें जी अट घातली नव्हती, ती स्टॉलमननें घातली. दान खुलें आहे, पण त्याच्याभोंवतीं कुंपण घालण्याची मोकळीक मात्र नाहीं. १९९१ सालीं फिनलंडमध्यें लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें ‘लिनक्स’चा गाभा लिहिला, आणि पुढच्या वर्षीं त्यालाहि हाच परवाना दिला. तेव्हांपासून तो गाभा जगभर पसरला, तो याच अटीसह पसरला.

परंतु मुक्त म्हणविणाऱ्या सर्वच आज्ञावलींच्या अटी सारख्या नाहींत. कोणी एवढेंच मागतो कीं, मूळ लेखकाचें नांव ठेवा. कोणी म्हणतो, सर्व सुधारणा परत द्या. कोणी फुकट देतो, पण बदल करूं देत नाहीं. आज्ञावली रचणारा मनुष्य दहा ठिकाणचे तुकडे एकत्र जोडतो, आणि तेव्हां दहा घरांच्या अटी एकाच भांड्यांत येतात. पिंपरींत टाक्या वेगळ्या ठेवतां आल्या. येथें त्या ठेवतां येत नाहींत. १९९६ सालीं लिनक्सच्या पडद्यासाठीं ‘केडीई’ हा देखणा उपक्रम सुरू झाला. त्याचा आपला भाग सार्वजनिक परवान्याखालीं होता. पण तो उभा होता ‘क्यूटी’ या नॉर्वेच्या कंपनीच्या आज्ञावलीवर, आणि तिच्या त्या वेळच्या शर्ती या परवान्याशीं जुळत नव्हत्या. ‘डेबियन’ ही स्वयंसेवकांची मंडळी मुक्त आज्ञावलींचे संच बांधून वांटत असे. १९९८ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं, केडीई वांटण्याचा अधिकार आपणांस कायद्यानें पोंचत नाहीं, आणि तो संच बाजूला काढला. वस्तु उत्तम, देणारे उदार, घेणारे प्रामाणिक. तरी केवळ दोन कागदांचा मेळ बसत नाहीं म्हणून काम अडलें. २००० सालीं क्यूटीच्या मालकांनीं ती आज्ञावली सार्वजनिक परवान्याखालींहि दिली, तेव्हां हा पेंच सुटला.

आरंभीं कित्येकांना वाटे कीं, फुकट दिलेल्या वस्तूच्या अटींना न्यायालयांत कोण विचारतो? त्याचें उत्तर २००४ सालीं जर्मनींत म्यूनिकच्या न्यायालयानें दिलें. हॅराल्ड वेल्टे या लिनक्सच्या एका लेखकाची आज्ञावली एका कंपनीनें आपल्या जाळ्याच्या उपकरणांत घातली होती, पण मूळ लेख देण्याची अट पाळली नव्हती. न्यायालयानें त्या कंपनीविरुद्धचा मनाईहुकूम कायम केला. अमेरिकेंतील उदाहरण तर लहान मुलांच्या खेळाचें आहे. बर्कलेचे पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट जेकबसन आणि त्यांचे सोबती यांनीं खेळण्यांतील आगगाड्या चालविण्याची एक मुक्त आज्ञावली रचली होती. तिच्यांतील कांहीं भाग एका विक्रेत्याच्या आज्ञावलींत मूळ लेखकांचीं नांवें आणि परवान्याचा उल्लेख गाळून आले. त्या लेखकांनीं पैसा मागितलाच नव्हता, तेव्हां त्यांचें गेलें काय, असा प्रश्न होता. २००८ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, पैसा न मागणाऱ्या लेखकालाहि आपल्या अटी असतात, आणि त्या मोडणें हा स्वामित्वहक्काचा भंग होऊं शकतो. नांव राखलें जाणें आणि केलेला बदल उघड असणें हाच अशा लेखकाचा मोबदला असतो.

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोरचें उदाहरण देवनागरी अक्षरांचें आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीनें रेखाटलेला भारतीय लिप्यांचा एक अक्षरसंच ‘रेड हॅट’ या लिनक्सच्या कंपनीनें २००४ सालीं सार्वजनिक परवान्याखालीं खुला केला. त्या कंपनीच्या नांवांतील तांबड्या रंगाला अनुसरून या अक्षरांना ‘लोहित’ असें नांव मिळालें. लिनक्सच्या संगणकांवर मराठी वाचणाऱ्या पुष्कळांनीं पहिल्यानें पाहिलीं तीं हींच अक्षरें. पण एक सूक्ष्म शंका राहिली. एखाद्या लेखकानें आपली कादंबरी या अक्षरांत जुळवून संगणकाच्या कागदांत अक्षरेंहि गुंफलीं, तर परवान्याची अट त्या कादंबरीलाहि चिकटेल काय? तो परवाना आज्ञावलींसाठीं लिहिलेला होता, अक्षरांसाठीं नव्हे; त्यामुळें त्याचें उत्तर निःसंदिग्ध नव्हतें. २०११ सालीं लोहित अक्षरांना निराळा, खास अक्षरसंचांसाठींच लिहिलेला खुला परवाना देण्यांत आला. त्यांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, अक्षरें मुक्त राहतील, पण त्यांत लिहिलेला मजकूर लेखकाचाच. देणाऱ्यानें स्वतः होऊन आपली अट सुधारली आणि घेणाऱ्याची काळजी दूर केली, असा हा समंजस प्रकार होय.

अशा रीतीनें हा प्रश्न पुन्हां चाकणला येऊन पोंचतो. २००९ नंतर तेथें मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे राहिले, आणि मोटार स्वतःच चाकांवरचा संगणक होत गेली. चालकापुढील पडद्यामागें अनेक गाड्यांत लिनक्सचा गाभा असतो. तो पडदा ज्याला मोटारधंद्यांत व्हेंडर म्हणतात अशा पुरवठादाराकडून येतो. पुरवठादार आज्ञावलीचा कांहीं भाग यंत्राच्या चिप घडविणाऱ्याकडून घेतो, आणि तो आणखी कोणाकडून. पण गाडी शेवटीं ज्याच्या नांवानें विकली जाते, त्याच्यावरहि अट येते. सार्वजनिक परवान्याच्या दुसऱ्या, म्हणजे १९९१ च्या, आवृत्तीप्रमाणें मूळ लेख बरोबर द्यावा, नाहीं तर मागेल त्याला तो देऊं असें निदान तीन वर्षांचें लेखी वचन द्यावें लागतें. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीनें आणखी एक पाऊल टाकलें: घरगुती वापराची वस्तु घेणाऱ्याला तिच्यांत सुधारलेली आज्ञावली बसवितां आली पाहिजे. मोटारीच्या सुरक्षिततेची जबाबदारी वाहणाऱ्यांना हें धोक्याचें वाटतें, म्हणून त्या धंद्यांतील पुष्कळ कंपन्या तिसऱ्या आवृत्तीची आज्ञावली आपल्या गाडींत येऊंच देत नाहींत. ही खबरदारी आधीं घेणें सोपें असतें. हजारों गाड्या रस्त्यावर गेल्यानंतर एक तुकडा उपटून काढणें फार कठीण.

आणि हें काम या टापूला परकेंहि नाहीं. भोसरीच्या लहानशा कारखान्यांत पोलादाची कांब येते, ती तपासणीचा दाखला घेऊन येते. दाखल्यावांचून आलेली कांब परत जाते. गाडींतील प्रत्येक खिळ्या-नटाची नोंद असलेली याददास्त, म्हणजेच बिल ऑफ मटेरियल, हा तर या धंद्याचा पाया आहे. आज्ञावलीच्या तुकड्यांचीहि अशीच याददास्त ठेवावी, हा विचार आतां जगांत रुजला आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांनीं मे १९२१ नव्हे, तर अगदीं अलीकडे, मे २०२१ मध्यें काढलेल्या आदेशांत सरकारला आज्ञावली पुरविणाऱ्यांकडून अशी याददास्त घेण्याची तरतूद केली. आणि त्याच वर्षीं ती लिहिण्याची एक पद्धति आंतरराष्ट्रीय मानक म्हणूनहि मान्य झाली. कोणता तुकडा कोणाच्या घरचा, कोणत्या अटीवर आणला, आणि त्याच्याबरोबर काय परत द्यावयाचें, एवढ्या तीन गोष्टी वेळींच लिहून ठेवल्या, तर पुढचे निम्मे तंटे उद्भवणारच नाहींत.

उसनें घेणें यांत कमीपणा नाहीं. पिंपरीच्या टाक्या, आकुर्डीच्या स्कूटरी आणि चाकणच्या मोटारी या सर्वांचा आरंभ उसन्यानेंच झाला. जगांत कोणत्याहि उद्योगाचा आरंभ बहुधा तसाच होतो. कमीपणा असलाच, तर तो उसनें विसरण्यांत आहे. विकत घेतलेल्या विद्येची मुदत पाहावी लागते, फुकट मिळालेल्या विद्येची अट पाहावी लागते, आणि दोन घरांचें विरजण एकत्र करण्यापूर्वीं दोन्ही घरांना विचारावें लागतें. हें ज्यानें केलें, त्याच्या हातीं उसनी विद्या हळूहळू घरची होते. आणि मग एखाद्या संध्याकाळीं दुसऱ्या कोणाचें मूल रिकामी वाटी घेऊन त्याच्या दाराशीं उभें राहिलें, तर ती वाटी भरून देण्याइतकें त्याच्यापाशीं स्वतःचें कांहीं तरी असतें.